भिंतीतली चूल

चिखलदरा, १० नोव्हेंबर

प्रणाली बाई,

माझं अक्षर पाहून पाकीट तसंच बाजूला सारशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. फोनवर आपलं काही जमत नाही. तू नुसतं हं हं करतेस, मी रडते, आणि तिसऱ्या वाक्याला तेरवीची पंगत निघते.

तीच आधी काढते, म्हणजे मोकळं होऊ. तुझ्या बाबांच्या तेरवीला अनुपरावांना पाटावरून उठवून दुसऱ्या पंगतीत बसवलं, ते चुकलंच. जावई माणूस, समोर पान वाढलेलं, आणि कोण्या पुढाऱ्याला जागा हवी म्हणून तुझ्या दादानं त्यांचा हात धरून उठवलं. तू उपाशी पोटी अकोल्याला निघून गेलीस. त्याला दोन वर्षं झाली. मधे रागिणी झाली, तिचं बारसं झालं, आणि तिची आजी तिला अजून फोटोतच पाहते. तुम्हा भावाबहिणींच्या मधे माझं मांजर झालं आहे. दोन घरं, अन् दोन्हीकडे भुकेलं.

आता नवीन ऐक. चांदूर बाजारचा संत्र्याचा बगिचा आहेच, पण तुझ्या दादानं, गजेंद्रनं, त्याच्या जोडीला इथला इंग्रजाच्या काळचा एक बंगला चालवायला घेतला आहे. फिरायला येणाऱ्यांना खोल्या देणार. कामावर लक्ष ठेवायला मी दिवाळीपासून इथेच. खालच्या मोठ्या खोलीत भिंतीतच एक चूल आहे, माणूस वाकून आत बसेल एवढी. तिच्यात ओंडके जाळायचे, धूर भिंतीच्या पोटातून वर चढतो आणि छपरावरून बाहेर पडतो. पण उघड्या चुलीची आच सगळी धुराड्यातून पळून जाते. तोंड भाजतं अन् पाठ गारच राहते. म्हणून गजेंद्रनं काचेच्या दाराची लोखंडी भट्टी आणली आहे, ती या चुलीच्या तोंडात बसवायची आहे.

वास्तुशांत अकरा डिसेंबरला आहे. गजेंद्र म्हणाला, "पयला जाळ माह्या बहिणीच्या हातचा. तिनं दूध उतू घातल्याशिवाय त्या भट्टीले काडी लावू देनार नाई." तोंडानं माफी मागणं त्याला येत नाही, बापावर गेला आहे. त्याची माफी ती हीच समज.

तुमच्यासाठी वरची खोली राखली आहे. धुराडं तिच्या भिंतीतून जातं, म्हणून भिंत उबदार राहील. त्यानं पाळण्याला कड्यासुद्धा ठोकल्या आहेत.

ये माय.

तुझी आई


चिखलदरा, १८ नोव्हेंबर

प्रणाली,

तुझं उत्तर नाही. नसू दे. मी लिहीत राहते, थेंबाथेंबानं रांजण भरतो.

भट्टी बसवायची म्हणजे मला वाटलं, उचलायची अन् कोनाड्यात ठेवायची. तसं नाही. आधी जुनी चूल तिच्याजोगी करावी लागते. चांदूर बाजारहून नत्थुजी मिस्त्री आले आहेत, आपली विहीर बांधली तेच. त्यांनी आतली गंजकी जाळी काढली, वरची लोखंडी झडप उखडली, तळ उकरून भट्टीच्या विटा बसवल्या. काजळी तर हातहातभर. दोरीला बोरीची काटेरी फांदी बांधून वरून सोडली आणि धुराडं घासलं. खाली काय काय पडलं म्हणून सांगू. घरटी, वटवाघळं, मधाचं वाळकं पोळं, आणि शेवटी वानराची कवटी. नत्थुजींनी ती पिशवीत घातली अन् म्हणाले, "बाई, हा बी थंडीनंच आत शिरला असंन."

मला त्याचं हसू आलं नाही.

फांदी मधेच अडली. धुराड्याला वरच्या मजल्यापाशी बाक आहे. भट्टीवाल्यानं निक्षून सांगितलं होतं की स्टीलची नळी भट्टीपासून छपराच्या शेंड्यापर्यंत अखंड न्यायची. ती बाकाखालीच अडकली. नत्थुजी म्हणाले, भिंत फोडून बाक सरळ करू. गजेंद्र म्हणाला, "भिंत फोडली तं वास्तू होळीलेच होईन. कापा नळी. तिथून वर दगडाचं धुराडं हायेच ना? शंभर वरसं धूर गेलाच ना त्याच्यातून?" नळी कापली. खाली नळीभोवती उरलेली जागा पत्र्यानं बंद केली. वानरं आत शिरू नयेत म्हणून वर टिन ठोकलं, चार बोटं फट ठेवून.

आणखी एक गोष्ट सांगावी की नाही, कालपासून घोळते आहे. केशरबाई जन्मापासून या बंगल्यात झाडलोट करते. हिवाळ्यात ती वरच्या खोलीत पाय ठेवत नाही. मी विचारलं, काहून गं? तर म्हणाली, "तिथं ती हाये, माय. उन्हाळ्यात काई करत नाई. थंडी पडली की उशाशी येऊन बसते." मागे एक मास्तरीणबाई उतरल्या होत्या. सकाळी उठल्या त्या डोकं धरून, भिंतीला टेकत खाली आल्या अन् अंगणात ओकल्या. म्हणाल्या, जाग होती, पण छातीवर कोणी बसल्यासारखं, हात उचलवत नव्हता. त्याच्या आधी बंगल्याच्या मालकाचा कुत्रा त्या खोलीत मेला, धडधाकट होता.

मी गजेंद्रच्या कानावर घातलं. तो म्हणाला, या म्हाताऱ्या बुडीच्या गोष्टी. पण जेवताना त्याचं लक्ष नव्हतं.

तुझी आई


चिखलदरा, २५ नोव्हेंबर

माझी बाई,

तुझं कार्ड आलं. "येते. अनुपला सुट्टी मिळाली. दादाला सांगू नकोस की मी लगेच हो म्हटलं." नाही सांगितलं. पण पोस्टातून येताना माझी चाल पाहूनच त्यानं ओळखलं. उठून बाहेर गेला आणि बराच वेळ जीप पुसत राहिला. कालच धुतली होती.

तू येणार हे पक्कं झालं आणि त्याच्या मनात केशरबाईचं बोलणं खोल रुतलं. तान्ही पोर त्या खोलीत निजणार. मग तो चांदूर बाजारहून एका महाराजांना घेऊन आला. त्यांनी खोलीत फिरून, डोळे मिटून, दरीकडच्या खिडकीवर बोट ठेवलं. म्हणाले, येण्याचा रस्ता हा. ही बांधा, बाकी सगळं निवेल.

तेव्हा खिडकीला आडव्या पट्ट्या ठोकल्या. दारावर लिंबू-मिरची, उंबऱ्याला शेणाचा पट्टा. फटी राहिल्या होत्या त्यांत मी स्वतः जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासल्या, उलथन्याच्या टोकानं, अगदी मन लावून. वारासुद्धा आत येत नाही आता. मी अन् केशरबाई खाली उतरताना ती म्हणाली, "आता बसंन ती बाहेरच बोंबलत." आम्ही दोघी हसलो. किती दिवसांनी हसले.

नत्थुजी मात्र वाकून वाकून भट्टीत पाहत होते. मी म्हटलं, काय झालं? तर म्हणाले, "काई नाई. मले वाटे, एकदा जाळ करून पाहावं. धूर कसा ओढते ते कळते." मी गजेंद्रला तसं म्हटलं. तो म्हणाला, "पयला जाळ प्रणालीचा. एकदा बोललो ना?" त्याच्या बोलण्यात एवढी माया होती की मीही पुढे ताणलं नाही.

पाळणा आला आहे. सागवानी आहे, मोर कोरलेले. तो वर नेताना तुझा दादा जिन्यात दोनदा ठेचकाळला, पण पाळण्याला ओरखडा येऊ दिला नाही.

रागिणीला खिमट कशाचं आवडतं ते कळव. मी डाळ-तांदूळ भाजून ठेवते.

तुझी आई


चिखलदरा, ३ डिसेंबर

प्रणाली,

हे पत्र नीट वाच आणि रागावू नकोस. अकराला येऊ नकोस.

महिनाभर ये ये म्हणून तुझ्या मागे लागलेली बाई आता नको म्हणते, म्हणजे तुला काय वाटेल ते मला कळतं. दादानं नकार दिला असं वाटेल. तसं नाही. त्यानं तर तुझ्यासाठी गाद्याही नव्या भरून घेतल्या. ऐक.

परवा दिवेलागणीला मी खाली भट्टीसमोर दिवा लावला. मनात आलं, जाळ नाही पण धूप तरी घालावा. वर असेल नसेल तिलाही शांत वाटेल. भट्टीचं दार उघडून आत वाटीत दोन निखारे ठेवले, त्यांवर गुग्गुळ टाकला आणि दार लावलं. खोलीत जराही वास नाही. नत्थुजींनी खालचं काम चोख केलं आहे. मला बरं वाटलं. मग रागिणीच्या गादीवर चादर घालायला वर गेले. दार उघडलं अन् उंबऱ्यातच थांबले.

आत गुग्गुळाचा वास भरला होता. देवळाच्या गाभाऱ्यात येतो तसा दाट. खाली नाही, जिन्यात नाही, फक्त त्या खोलीत.

पहिल्यांदा मीही हात जोडले. मग हुंगत हुंगत गेले, तर वास भिंतीतल्या कपाटातून येत होता. कपाटाच्या मागच्या फळीच्या फटीशी नाक नेलं, तिथं तो सगळ्यात दाट होता. नत्थुजींना हाक मारली. त्यांनी फळी वाजवून पाहिली आणि पहारीनं काढली. मागे भिंतच नव्हती. कधीतरी कोणी कपाट खोल व्हावं म्हणून दगड काढत गेलं ते थेट धुराड्यापर्यंत, आणि वर नुसती फळी ठोकून रंग दिला. आम्ही त्या काळ्या भोकात पाहत उभे होतो. नत्थुजी म्हणाले, "तुमची ती इथून येते, बाई. खिडकीतून नाई."

शेगडी घेऊन दार लावून निजू नये, हे आपण पोरांना बोलायला लागायच्या आधी सांगतो. अन् मी स्वतःच्या हातानं खिडकीत चिंध्या ठासून बसले होते. पाळणा त्या कपाटाला लागूनच टांगला आहे.

गजेंद्रला दाखवलं. त्यानं भोकात हात घालून पाहिला. मग म्हणाला, "बरं झालं सापडलं. दोन पाट्या चुना अन् विटा, काम खतम." मी म्हटलं, खिडकीच्या पट्ट्या काढ. तर म्हणाला, "महाराजांनी बांधली ते मी कशी सोडू? दोन्ही असू दे ना. काय नुकसान हाये?" त्याला दोन्ही खरं वाटतं. भूतही खरं अन् भोकही खरं.

बुजवलेलं भोक तापल्यावर कसं राहतं कोण जाणे. मला खात्री नाही, आणि ज्याची खात्री नाही तिथं मी तुझी पोर निजवणार नाही. यंदा नको. संक्रांतीला मीच अकोल्याला येते, जठारपेठेत तुझ्या दारात बसते, हाकललंस तरी उठणार नाही.

तुझी आई


चिखलदरा, ७ डिसेंबर, दुपार

प्रणाली,

माझं पत्र तुला काल मिळालं, हे मला तुझ्या दादाच्या चेहऱ्यावरून कळलं. तो सामान आणायला परतवाड्याला गेला होता, तिथं तुझा फोन आला. तू म्हणालीस म्हणे, "दुसऱ्या पंगतीत बसवायचं होतं तर बोलावलं कशाला? आणि आईच्या आडून काय बोलता?" मग ठेवून दिलास. मी नको म्हटलं ते तू त्याचंच धरलंस. मला हीच भीती होती.

तो आल्या आल्या ओरडला असता तर बरं झालं असतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"आई, माह्यावर एवढाबी भरोसा नाई तुहा?"

"तुझ्यावर आहे रे. त्या भिंतीवर नाही."

"मी भोक बुजवलं ना? दोन थर दिले नत्थुजीनं. अजून काय करू?"

नत्थुजी म्हणाले, "मालक, वल्लं हाये अजून. आठ दिवस तं वाळू द्या. वाळल्यावर जाळ करून पाहू."

"अन् अकरा तारखेले काय शेकोटी करू आंगनात? पत्रिका गेल्या सगळ्याइले."

मी म्हटलं, वास्तू कर, पण भट्टी पेटवू नकोस. तर म्हणाला, भट्टीसाठीच तर सगळं मांडलं, आणि बहीण येणार नसेल तर कशाची वास्तू. मग माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला, "तुले जाळ करून पाहाचा हाये ना? कर. पयला जाळ प्रणालीचा होता, ते तं येत नाई आता. तूच लाव काडी. मी जातो वर अन् दुपारची झोप तिथंच घेतो. उठून आलो की तू सोताच्या हातानं लिहाचं माह्या बहिणीले, का ये म्हनून."

मी नको म्हटलं. पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तो म्हणाला, "नको म्हनते म्हंजे तुले माहीत हाये, काई होनार नाई अन् तू हारशीन." मी पुढे बोलेपर्यंत तो उशी घेऊन जिना चढलासुद्धा.

काडी मी ओढली. मी ओढली नसती तर त्यानं ओढली असती, असं मनाला सांगते आहे. तो वर असताना मी खाली राहावं, दार उघडून निखारे केव्हाही बाहेर ओढता यावेत, म्हणून मीच ओढली. सागाच्या ढलप्या लगेच धरल्या. काचेमागे जाळ फार देखणा दिसतो गं. खोली लगेच उबदार झाली. धुराचा एक धागा बाहेर नाही.

बाहेर धुकं इतकं की फाटक दिसत नाही. नत्थुजी हौदावर थापी धुताहेत. आतून कडी लावणार नाही, असं मी त्याच्याकडून वदवून घेतलं आहे. मघाशी जाऊन पाहिलं. तो पाळण्याखाली गादीवर आडवा, हात डोळ्यावर. मी भिंतीशी वाकून हुंगलं. ओल्या चुन्याचा वास, दुसरा काही नाही. तो म्हणाला, "झाली का तपासनी? खिडकी उघडाची नाई हां, मंग म्हनशीन खिडकीनं वाचला." मी म्हटलं, मेल्या, झोप. दार लोटून घे म्हणाला, गार हवा येते. लोटलं.

आता जिन्याखालच्या टेबलावर बसून हे लिहिते आहे. वरून त्याचं घोरणं ऐकू येतं. बाबांसारखंच, आधी शिट्टी मग करवत. लहानपणी तू त्याच्या नाकात कापसाची वात घालायचीस. घोरतो आहे तोवर बरं.

तुला खरं सांगते, मला मनातून हरायचं आहे. तो डोळे चोळत खाली यावा, चहा मागावा, चार शब्द खोचक बोलावेत, आणि मी तुला लिहावं की म्हातारीला भ्रम झाला होता, तू ये. ते वाक्य मी मनात तयार करून ठेवलं आहे.

ओंडका आणखी एक टाकला. भिंत केवढी तापली, खालूनही कळते.

वर काहीतरी तडकल्यासारखा आवाज आला. लाकूड असेल.

घोरणं थांबलं. कूस बदलली असेल. हाक मारली, "गजू." ओ दिली नाही. झोप लागली की त्याला ढोल वाजवले तरी

पाहून येते.


अमरावती, १० डिसेंबर

प्रणाली,

वरचा कागद तसाच पाठवते आहे. त्यात बदल करावा असं वाटलं नाही.

तो जिवंत आहे. आधी तेवढं वाचून श्वास घे.

मी वर गेले तेव्हा खोलीत धूर नव्हता, कसलाच वास नव्हता. तो हसरा निजला होता, गाल लाल. हलवलं तर मान गळून पडली. नव्या चुन्याला कपाटाच्या वरच्या अंगानं भेग गेली होती, करंगळी जाईल एवढी. मी ओरडले ते नत्थुजींनी हौदावर ऐकलं. त्यांनी जिना चढत येऊन पहिल्यांदा खिडकी फोडली, पट्ट्यांसकट. मग दोघांनी गादीसकट ओढत त्याला बाहेर जिन्यावर आणलं. तेवढ्या वेळात माझंही डोकं जड झालं होतं. केशरबाई खाली उभी राहून रडत होती, पण तिनंच धावत जाऊन जीपवाला आणला. तिथले डॉक्टर म्हणाले, जळणाच्या या विषारी वायूला वास नसतो; त्यांनी नळीनं हवा लावली आणि अमरावतीला धाडलं.

इथं दोन दिवस त्याला दिवस-रात्र कळत नव्हती. काल बोलला. डावा हात अजून उचलत नाही, पेला धरला तर सांडतो. डॉक्टर म्हणतात येईल, वेळ लागेल. किती ते सांगत नाहीत. मी विचारते तेव्हा कागद चाळतात.

तू हरलास असं त्याला कुणी म्हणू नये. मी म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. तुझ्या पोरीच्या जागेवर तो निजला होता.

आज सकाळी त्यानं तुझं नाव घेतलं. आली का, म्हणून नाही विचारलं. म्हणाला, "तिले सांग, मी नको म्हटलं नव्हतं." मी म्हटलं, तिला माहीत आहे. तुला माहीत आहे ना? नसेल तर इथं येऊन त्याच्याच तोंडून ऐक. अनुपरावांनाही आण. शेजारच्या खाटेवरचा माणूस उद्या घरी जातो आहे, बसायला जागा होईल.

येताना रागिणीला जाड स्वेटर घाल, कानटोपीही. तुझा दादा इथल्या खिडक्या कोणाला लावू देत नाही. रात्री नर्स लावून जाते, हा उजव्या हातानं खाट वाजवून सगळा वॉर्ड उठवतो. शेजारचे लोक शिव्या देतात. मीच उठून उघडते.

आई